तिसऱ्या वस्तीचं दार

दुपारपर्यंत तात्यांनी दोन वस्त्या नापास केल्या होत्या, आणि तिसरीकडे पाहून ते बसच्या खिडकीतूनच नाक मुरडायला लागले होते.

पहिली वस्ती सूनबाईच्या पसंतीची होती. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, कोपऱ्यावर दवाखाना. तात्यांनी झाडांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट दारांकडे गेले. एका दाराला एकाखाली एक अशी तीन कुलपं, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला चार.

"इथं नको," तात्या म्हणाले.

"का पण? किती शांत आहे."

"शांत असणारच. इथं शेजाऱ्याला हाक मारली, तर तो शेवटचं कुलूप काढेपर्यंत हाक मारणारा बरा तरी झालेला असेल, नाहीतर गेलेला तरी."

दुसरी वस्ती चिरंजीवांच्या पसंतीची. तिथल्या दारांना कुलपं नव्हतीच. आकड्यांची बटणं होती. तात्या एका दारासमोर हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले, एखाद्या ओळखीच्या माणसाचं डोकं फिरलेलं बघावं तसे.

"आपल्याच दाराशी उभं राहून आपण दाराला आकडे सांगायचे? आणि दार ऐकून घेणार?" एवढं म्हणून ते बसथांब्याकडे वळले.

या घराण्याला कुलपांवरून माणसं ओळखायची खोड पिढ्यान्‌पिढ्यांची. तात्यांच्या आजोबांनी म्हणे एकदा एका बँकेची तिजोरी नुसत्या शिंकेनं उघडली होती. शिंक आली ती तिजोरीत धूळ होती म्हणून, आणि बंद तिजोरीतली धूळ बाहेर कशी आली हे विचारणाऱ्याला आजोबा म्हणे दुकानातून हाकलून देत. तात्यांना शिंकेची गरज पडत नसे. त्यांच्या हातात एवढा गुण होता की त्या गुणानंच धंदा बुडवला. त्यांनी गावाला इतकी पक्की कुलपं लावून दिली, की गाव पुन्हा दुकानात आलंच नाही. शेवटी शटर ओढलं तेव्हा शटरचं कुलूपही तात्यांच्याच हातचं होतं, म्हणजे आता तेही कधी बिघडणार नव्हतं.

चिरंजीवांना शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली होती. पत्त्याएवढ्या कार्डांनी उघडणारी दारं सांभाळायची. तात्या या नोकरीबद्दल बोलताना "ते पत्ते खेळायचं काम" असं म्हणत. सूनबाई गावात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची; तिलाही इथं तसंच काम मिळालं होतं. प्रश्न उरला होता तो तात्यांचा. दुकानामागच्या खोलीत एकटं राहायची त्यांची तयारी होती, आणि ती मोडायला सूनबाईनं आख्खा उन्हाळा घालवला होता. अखेर तात्यांनी अट घातली. वस्ती मी पास करणार. एका दिवसात पास झाली तर ठीक, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं मी परत, आणि पुन्हा हा विषय नाही. अट नुसती तोंडी नव्हती. कोटाच्या वरच्या खिशात परतीचं तिकीट होतं, आणि तात्या सकाळपासून अधूनमधून त्या खिशावर हात ठेवत होते.

"दादा, खरं सांगू का," आत्याबाई बसमधून उतरता उतरता म्हणाल्या, "ही वस्तीही काही खरी नाही. माझ्या ओळखीची एक बाई होती इथं. चांगली धडधाकट. इथं राहायला आली आणि खोकत खोकत गेली."

आत्याबाई म्हणजे तात्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन या शहरात आल्या, विधवा झाल्या, आणि आता दोन खोल्यांत एकट्या राहत. तात्या त्यांना अजून चिमणी म्हणत, जरी त्या बसल्यावर बसच्या बाकावर दुसऱ्याला जागा उरत नसे. शहरातली घरं दाखवायला सोबत म्हणून त्या सकाळीच हजर झाल्या होत्या.

"पहिल्या वस्तीतही एक बाई गेली होती ना, आत्या?" सूनबाईनं विचारलं.

"ती पोटानं गेली."

"आणि दुसऱ्या?"

"तिथली गेली नाही. पण काय उपयोग, कुणाला ओळखत नाही आता." आत्याबाईंनी पदर सावरला. "मी आपली सांगते. शेवटी माझी वस्ती काय, तुमची काय. माझ्याकडे मात्र आजवर कुणी मेलेलं नाही."

सूनबाईनं एका डोळ्यासमोर काच धरून दुसऱ्यानं अक्षरं वाचायला लावावीत तसं त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी अंधुकसं दिसलं, पण अजून नंबर लागला नव्हता.

एजंट फाटकाशी उभाच होता. हसरा, घामट, आणि किल्ली विसरलेला. "वरचा मजला, जिन्यासमोरचं दार," तो म्हणाला. "तुम्ही चढा हळूहळू. मी किल्ली घेऊन आलोच. थोडं सामान आहे आत, पण ते मालकाचं आहे, वापरलंत तरी चालेल."

ते चढले. पुढं तात्या, मग आत्याबाई, मग आत्याबाईंची पिशवी घेऊन चिरंजीव, आणि शेवटी सूनबाई. जिना अरुंद होता. प्रत्येक मजल्यावर जिन्यासमोर एक दार, आणि बाजूला शेजाऱ्याचं. एका मजल्यावर पोहोचल्यावर आत्याबाई कठड्याला धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "हाच वरचा मजला."

जिना अजून वर जात होता. तो सगळ्यांना दिसत होता. पण आत्याबाईंनी एखादी गोष्ट ठरवली की तिच्यापुढं जिना असो की माणूस, त्यानं गप्प राहायचं, हा घराण्याचा नियम लहानपणापासून पाळून चिरंजीवांचा आवाजच तेवढ्यापुरता बंद होत असे. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

एजंट काही येईना. तात्यांनी दाराकडे पाहिलं. मग कुलपाकडे. मग कुलपाजवळ वाकून त्यांनी एका बोटानं ते हलवलं. कुलूप दारात दुखऱ्या दातासारखं डुगडुगत होतं.

"तात्या, नको," चिरंजीव म्हणाले.

"मी काही करत नाहीये."

म्हणता म्हणता त्यांनी खिशातून वाकडी तार काढली, आणि दार उघडलं. इतक्या लवकर, की आत्याबाईंचा तिसरा सुस्कारा अर्धा राहिला.

आतलं घर लहान होतं. एक बैठकीची खोली, खिडकीजवळ खुर्ची, मागं स्वयंपाकघर, बाजूला झोपायची खोली. "थोडं सामान" म्हणता म्हणता मालकानं बरंच सामान ठेवलं होतं. चिरंजीव खूष झाले.

"पलंगसुद्धा आहे. म्हणजे आपला विकता येईल."

"आपला माझ्या आईनं दिलेला आहे," सूनबाई म्हणाली.

"म्हणूनच म्हटलं."

"तुम्ही आधी स्वयंपाकघर बघा. दोघं उभे राहिले तर एकानं श्वास सोडायचा आणि दुसऱ्यानं घ्यायचा."

"मी कुठं उभा राहतो स्वयंपाकघरात?"

"तेच तर म्हणते."

चिरंजीवांना हे घर मनापासून आवडलं होतं, आणि त्याला एक कारण होतं, जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. इथून हॉटेल लांब होतं. तात्या एकदा सहज म्हणून हॉटेलात आले, तर चौथ्या मजल्यापर्यंतची दारं तारेनं उघडून मॅनेजरला "बघा, हे असलं लावलंय तुम्ही" असं सांगतील, आणि ते चूकही नसेल, याची चिरंजीवांना खात्री होती. बापाचा त्यांना अभिमान होता. तो दोन बस बदलून यावा लागेल इतक्या अंतरावर असलेला त्यांना बरा वाटत होता.

"मला तर खिडकीचं टोक दिसतंय फक्त," आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. "दादाला उजेड लागतो कानशी चालवायला. इथं राहून डोळे जातील त्याचे. माझ्याकडे मागल्या खोलीत सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं."

सूनबाई तेव्हा मोरीच्या दारात उभी होती, आणि तिचा हात दांडीवरच्या टॉवेलावर होता. टॉवेल ओला होता.

तिनं आत पाहिलं. साबण ओला. आरशाखाली एकच दात घासायचा ब्रश. मग बैठकीच्या खोलीत येऊन तिनं खुर्चीजवळच्या तिपाईवर पाहिलं. कप होता, त्यात तळाला चहा, चहावर साय धरली होती. भिंतीवर एका बाईचा फोटो, भल्यामोठ्या बसच्या दारात उभी, गणवेशात. सामान ठेवून मालक जातो. अर्धा प्यालेला चहा ठेवून कुणी जात नाही.

हे घर रिकामं नव्हतं. हे कुणाचं तरी राहतं घर होतं, आणि ती दुसऱ्याच्या मोरीतून फिरत होती.

तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला तात्या दिसले.

तात्यांनी कोट काढून खुंटीला लावला होता.

दोन वस्त्या, कितीतरी दारं, पण सकाळपासून कोट अंगातून निघाला नव्हता. आता बाह्या वर करून ते दारापाशी गुडघ्यांवर बसले होते. कुलूप दारातून काढून मांडीवरच्या रुमालावर पसरलं होतं, पत्र्याची डबी उघडी होती, आणि ते शीळ घालत होते. सूनबाईनं ती शीळ दुकान बंद झाल्यापासून ऐकली नव्हती.

"काय अवस्था करून ठेवलीये," ते कुलपाला म्हणाले. "आतली एक पट्टी झिजून पार नखाएवढी झालीये. फुंकर मारली तरी उघडेल."

सूनबाईनं तोंड मिटलं.

तिच्यात आणि तात्यांच्यात रोज भांडण होई. चहाच्या साखरेवरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, वर्तमानपत्राची घडी कशी घालायची यावरून. चिरंजीवांशी भांडायचं म्हणजे उशीशी भांडण्यासारखं होतं. ठोसा मारावा तिथं खड्डा पडे आणि उशी तशीच. तात्या उलट बोलत. एवढ्या मोठ्या शहरात दिवसभर परक्यांचे डोळे तपासून घरी आल्यावर उलट बोलणारं कुणी नसेल, या विचारानं तिची झोप उडाली होती. हे ती कुणाला सांगणार होती थोडीच.

ती स्वयंपाकघरात गेली. आत्याबाई चहाच्या डब्याचं झाकण हातात धरून उभ्या होत्या. डबा काठोकाठ भरलेला होता. शेजारी कालची भाजी झाकून ठेवली होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुम्हालाही कळलं," सूनबाई हळूच म्हणाली.

"मला काय कळायचंय."

"मग बोलत का नाही?"

"तू का बोलत नाहीस?"

आधण उकळायला लागलं. आत्याबाईंनी गॅस बारीक केला, अगदी आपलाच असावा तसा.

"मी म्हटलं, होऊ दे एकदाचा तमाशा," त्या म्हणाल्या. "मालक येईल, चार शब्द ऐकवील, दादाचं डोकं फिरेल. मग संध्याकाळी गाडीवर पोचवायच्या वाटेवर म्हणेन, चल माझ्याकडे आजच्यापुरता. आजच्यापुरता आला असता तर राहिला असता."

"आणि ती खोकत खोकत गेलेली बाई?"

"खोकत होती गं. गेली नाही." आत्याबाईंनी कप पुसला. "मागल्या खोलीत ऊन येतं म्हटलं ते खरं आहे. टेबल पण आहे. बसायला कुणी नाही."

आता नंबर बरोबर लागला, आणि सूनबाईला आत्याबाई स्वच्छ दिसल्या.

"इथून तुमचं घर किती लांब?"

"एक बस. उतरलं की समोर."

"म्हणजे तात्या सकाळी तुमच्याकडे उन्हात बसतील, आणि जेवायच्या वेळी माझ्याकडे भांडायला येतील."

 आत्याबाईंनी कपाटातून आणखी एक कप काढला. "साखर कुठं ठेवते ही बाई?"

दाराशी खडखड झाली. कुणीतरी बाहेरून किल्ली फिरवत होतं. किल्ली आत गेली, पण वळेना. पुन्हा खडखड. मग पावलं जिना उतरून खालच्या मजल्यावर गेली, तिथं थांबली, आणि पुन्हा वर आली. आयुष्यभर एकही थांबा न चुकवलेल्या माणसानं आपलंच घर चुकलं का हे तपासावं, तशी ती पावलं होती. शेवटी दारावर थाप पडली.

तात्या उठले. नुकतंच बसवलेलं कुलूप त्यांनी आतून मोठ्या प्रेमानं उघडलं. दारात गणवेशातली एक बाई, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात निरुपयोगी झालेली किल्ली.

"कोण पाहिजे?" तात्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरून आपल्या खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीत बसलेल्या चिरंजीवांकडे पाहिलं.

"मी इथं राहते," त्या म्हणाल्या.

"आमचं अजून ठरलेलं नाहीये," तात्या म्हणाले.

चिरंजीव खुर्चीतून असे उठले की खुर्चीच लाजली असावी. "तात्या," ते म्हणाले. त्याच वेळी आत्याबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. सगळे थिजलेले बघून त्यांनी जे सुचलं ते केलं, म्हणजे बाईंच्याच कपातला चहा बाईंच्या हातात दिला.

"घ्या. दमून आला असाल."

बसवाल्या बाईंनी चहा घेतला. खरंच दमल्या होत्या. "आधी मला सांगा," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुम्ही चोर आहात का?"

"नाहीत," असं उत्तर आलं, पण ते घरातून नव्हे, शेजारच्या दारातून. तिथं जाड चष्म्याचे एक गृहस्थ उभे होते. हे छापखान्यात प्रुफं तपासत निवृत्त झालेले शेजारी. "मी मघापासून भिंतीला कान लावून आहे. चोर असते तर भांडले नसते. पलंग कुणाच्या आईनं दिला यावरून चोर भांडत नाहीत. मला वाटलं, तुमचे नातेवाईक आले अखेर."

"म्हणजे कुलूप उघडताना तुम्ही पाहिलंत?" तात्यांनी विचारलं.

"मीच कशाला, खालच्यांनीही पाहिलं. ते विचारायला वर येणार होते, मी म्हटलं थांबा, ऐकू तरी द्या." गृहस्थांनी चष्मा वर केला. "सूनबाईंचं बरोबर आहे. स्वयंपाकघर लहानच पडतं. फक्त पहिल्यांदा त्या 'दोघं उभे राहिले तर' म्हणाल्या, तिथं 'दोघं' नको होतं. एकालाही जागा नाही."

तात्या गंभीर झाले. हाक मारली तर इथं कुणी ऐकेल का, असा जो प्रश्न ते सकाळपासून दारांना विचारत होते, त्याचं उत्तर दारानं नाही, भिंतीनं दिलं होतं. त्यांनी गृहस्थांकडे, मग बाईंकडे पाहिलं. "तुमच्या किल्लीनं आता हे उघडणार नाही. पट्टी बदललीये. बसा, नवीन करून देतो. तेवढ्यात चहा होईल तुमचा."

आणि बाई आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या, आणि तात्यांनी त्यांच्याच टेबलावर कानस चालवायला घेतली. गृहस्थ स्वतःचा कप घेऊनच आत आले. एजंटही आला, वरच्या मजल्यावरून, डोळे चोळत. तिथं रिकाम्या घराच्या पायरीवर वाट बघता बघता त्याला डुलकी लागली होती.

वरचं घर बघायला सगळे गेले, बसवाल्या बाईसुद्धा. ते याहून अंधारं होतं. खिडकीतून समोरची भिंत दिसत होती आणि भिंतीवर एक पाइप. पलंग नव्हता. चिरंजीवांचं तोंड उतरलं. सूनबाईनं भिंतीवर बोटानं टकटक केलं. पलीकडून कुणीतरी परत टकटक केलं.

"हे पातळ आहे सगळं," ती म्हणाली. "आपलं एक अक्षर खासगी राहायचं नाही."

"तुझं कुठं काही खासगी असतं," तात्या म्हणाले. "तू बोलतेस तेव्हा गावातही ऐकू जात असेल."

"आणि तुमची शीळ?"

"मी शीळ घालत नाही."

चिरंजीवांनी एजंटाकडे असहाय नजरेनं पाहिलं. एजंट मात्र अनुभवी होता. त्यानं ओळखलं, की घर पसंत पडलं.

उतरताना सूनबाई मुद्दाम मागं राहिली. "तात्या, एक विचारू? तुम्हाला कधी कळलं, ते दुसऱ्याचं घर आहे म्हणून?"

"किल्लीच्या भोकाभोवती ताजी चकाकी होती. रोज वापरातलं कुलूप. दारातच कळलं." ते कठड्याला धरून एक पायरी उतरले. "आणि तुला?"

"टॉवेल ओला होता."

"बोललीस का मग?"

"नाही."

"मग मी कशाला बोलू. पाय दुखत होते माझे."

खालच्या दाराशी बसवाल्या बाई नवीन किल्ली लावून बघत होत्या. एकदा उघडलं, एकदा बंद केलं, पुन्हा उघडलं. कुलूप आता दारात जराही हलत नव्हतं. मग त्या वाकल्या. कुलपाच्या पत्र्यामागून कसल्या तरी जाड कागदाची घडी बाहेर आली होती. त्यांनी ती नखानं उलगडून पाहिली, आणि वाचल्यावर त्यांचा चेहरा कामावरचा झाला.

"आजोबा, हे तिकीट आहे. आजचंच आहे, संध्याकाळच्या गाडीचं. काढून देऊ का?"

सूनबाईनं खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. वरचा खिसा सपाट होता. आत्याबाई पिशवी उचलता उचलता थांबल्या.

तात्यांनी कोट घेतला, एकेक बाही नीट घातली, आणि बोटानं ती घडी पुन्हा पत्र्यामागं ढकलून दिली.

"राहू द्या," ते म्हणाले. "काढलं तर कुलूप हलेल."